नाशिकच्या जॅक्सन वधातलं पिस्तूल ज्याच्या डोक्यातून आलं, त्यानेच खिशातल्या पिस्तुलाची गोळी ठरवली

21 डिसेंबर 1909. नाशिकचं विजयानंद थिएटर. संगीत शारदाचा प्रयोग. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप म्हणून हा प्रयोग ठेवलेला. जॅक्सन आत आला आणि अनंत कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या.

हे सगळं आपण शाळेत वाचलंय. पण पोरगेल्या वयाच्या अनंतने भर गर्दीत, कुणाला दिसू न देता जे पिस्तूल आत नेलं, ते कुठलं होतं? तर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून 20 पिस्तुलं पाठवली होती, त्यातलं ते एक. आणि ती सगळी पिस्तुलं होती ब्राउनिंग.

ब्राउनिंग हे एका माणसाचं नाव. जॉन मोझेस ब्राउनिंग.

त्याचा जन्म जानेवारी 1855 चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावातला. वडील जोनाथन बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे. मॉर्मन पंथाचे होते, त्यांना तीन बायका आणि 22 मुलं. जॉन हा दुसऱ्या बायकोचा. खेळायची जागा म्हणजे वडिलांचं दुकान आणि खेळणी म्हणजे भंगारात पडलेले बंदुकीचे तुकडे. दहाएक वर्षांचा असताना त्याने त्याच भंगारातून एक बंदूक जुळवली.

1879 मध्ये वडील गेले. त्याच वर्षी त्याला पहिल्या रायफलचं पेटंट मिळालं. भावांना हाताशी धरून तो दुकानातच ती रायफल बनवू लागला. 1883 मध्ये विंचेस्टर या नावाजलेल्या कंपनीचे बेनेट स्वतः ऑग्डेनला आले आणि 8 हजार डॉलर मोजून तिचे हक्क घेऊन गेले. पुढची जवळपास 20 वर्षं जॉन डिझाइन करायचा आणि विंचेस्टर विकत घ्यायची. बरीचशी डिझाइन्स तर दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

1889 मध्ये एका नेमबाजीच्या वेळी त्याचं लक्ष गवताकडे गेलं. गोळी सुटली की नळीच्या तोंडाजवळचं गवत झोपत होतं. हे सगळ्यांनाच दिसत होतं, पण ही ताकद फुकट जातेय हा विचार याच्या डोक्यात आला. त्याच वायूच्या जोरावर बंदूक स्वतःच रिकामी पुंगळी बाहेर टाकेल आणि पुढची गोळी भरेल, अशी मशीनगन त्याने केली. मग हीच स्वतःहून भरण्याची कल्पना पिस्तुलात, तेही कोटाच्या खिशात मावेल एवढ्या पिस्तुलात बसवायचं त्याने मनावर घेतलं.

खरी अडचण इथे होती.

लहान पिस्तूल बनवायला सोपं हवं आणि स्वस्तही हवं. त्यामुळे त्याने स्लाइडला कुलूप लावलंच नाही. नळीचं मागचं तोंड फक्त स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहतं. गोळी सुटते, धक्का बसतो, स्लाइड मागे जाते, पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग स्लाइडला परत पुढे ढकलते. साधंसोपं काम. पण काडतूस जेवढं दमदार, तेवढी स्लाइड जड लागणार. आणि स्लाइड जड झाली की पिस्तूल खिशातलं राहत नाही.

म्हणजे खिशातल्या पिस्तुलात कोणती गोळी, हा प्रश्न पिस्तूल घेतल्यावर दुकानात सुटत नाही. तो आधी कागदावर सुटतो. ब्राउनिंगने म्हणून पिस्तुलाबरोबर काडतूसही स्वतःच आखलं.

1899 च्या सुमारास आलं 7.65 मिलिमीटरचं काडतूस. गोळीचं वजन साधारण 4.6 ग्रॅम. युरोपात ते 7.65 ब्राउनिंग आणि अमेरिकेत .32 एसीपी म्हणून ओळखलं जातं. एसीपी म्हणजे ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल. दोन नावं का? तर अमेरिकेत त्याची पिस्तुलं कोल्ट कंपनी विकायची आणि युरोपात बेल्जियमची एफएन.

मग कोटाचाही नाही, जॅकेटच्या आतल्या छोट्या खिशाचा विचार सुरू झाला. एफएनचं ते पिस्तूल साडेअकरा सेंटीमीटरचं, म्हणजे आजच्या मोबाइलपेक्षाही आखूड. त्याच्यासाठी केलं 6.35 मिलिमीटरचं, म्हणजेच .25 एसीपी. गोळी जेमतेम 3.2 ग्रॅमची. ताकद बघाल तर .22 च्या आसपासच. मग .22 च का नाही वापरली? कारण .22 मध्ये पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेला असतो. कडेला एखाद्या जागी तो कमी पडला की चाप ओढूनही नुसता टक्क आवाज येतो. शिवाय बाहेर आलेली कड मॅगझिनमध्ये अडकते. ब्राउनिंगने मसाल्याची कॅप मधोमध बसवली आणि कडेचा अडथळा जवळपास काढून टाकला. ताकद वाढवण्यापेक्षा दर वेळी गोळी सुटणं त्याला महत्त्वाचं वाटलं.

तिसरं काडतूस 1908 चं .380 एसीपी, म्हणजे आखूड 9 मिलिमीटर. गोळी साधारण 6.2 ग्रॅमची. बिनकुलपाच्या खिशातल्या पिस्तुलाला आरामात झेपेल असं हे शेवटचं टोक.

अमेरिकेत आज छोट्या पिस्तुलात कोणती गोळी भरावी यावर वाद चालतात, ते मुख्यतः याच तीन काडतुसांभोवती फिरतात. शरीरात शिरल्यावर फुलणारी पोकळ टोकाची गोळी घ्यायची की साधी, तांब्याच्या आवरणाची? फुलणारी गोळी जखम मोठी करते, पण तेवढी खोल जात नाही. 1986 च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात निदान 12 इंच खोली हवी असं धरलं. .25 आणि .32 मध्ये मुळात जोरच कमी, तो फुलण्यात खर्च झाला तर खोली उरत नाही. म्हणून अनेक जाणकार या दोन्हींत साधीच गोळी ठेवतात. ब्राउनिंगने ही पिस्तुलं आखली तीही साध्या गोल टोकाच्या गोळीसाठी, त्यामुळे ती अडकतही कमी. वाद खरा आहे तो .380 मध्ये.

असो. मधल्या काळात विंचेस्टरशी त्याचं फाटलं होतं. आपोआप भरणाऱ्या शॉटगनसाठी त्याने एकरकमी पैशांऐवजी रॉयल्टी मागितली. बेनेटनी नकार दिला. तो रेमिंग्टन कंपनीत गेला, अध्यक्षांच्या भेटीसाठी बाहेर बसला आणि त्याच दिवशी त्या अध्यक्षांचं निधन झालं. तारीख 8 जानेवारी 1902. शेवटी शॉटगन घेऊन त्याने थेट बेल्जियम गाठलं. एफएनने ती घेतली आणि जगभर विकली.

1911 मध्ये अमेरिकन लष्कराने त्याचं .45 चं पिस्तूल स्वीकारलं. चाचणीत 6 हजार गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. पहिल्या महायुद्धात मशीनगनचे हक्क त्याने सरकारला साडेसात लाख डॉलरला देऊन टाकले. रॉयल्टी घेतली असती तर कितीतरी पट मिळाले असते.

1914 मध्ये बेल्जियमच्या राजाने त्याला ऑर्डर ऑफ लिओपोल्ड हा सन्मान दिला. त्याच वर्षी 28 जूनला साराजेवोत गॅव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रांझ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. पिस्तूल एफएनचं 1910 मॉडेल. काडतूस .380.

जाहिरातीत ही पिस्तुलं स्वसंरक्षणाची होती. रात्री घरी परतणाऱ्या माणसाच्या खिशासाठी. पण खिशात लपतं आणि ऐनवेळी दगा देत नाही, हेच गुण नाशिकमध्ये आणि साराजेवोत कामी आले. आपल्याकडे एका गोळीबाराला वध म्हणायचं आणि दुसऱ्याला खून, ते आपण ठरवतो. काडतुसाला यातलं काही कळत नाही.

26 नोव्हेंबर 1926 रोजी, 71 व्या वर्षी, बेल्जियममध्ये लिएजजवळच्या एफएनच्या कारखान्यातच हृदयविकाराने ब्राउनिंग गेला. मुलगा व्हॅलच्या ऑफिसमध्ये. नावावर 128 पेटंट होती. अर्धवट राहिलेलं 9 मिलिमीटरचं पिस्तूल सहकारी दिउदोने सेव्ह यांनी पूर्ण केलं आणि 1935 मध्ये ते बाजारात आलं.

त्यानंतर 13 वर्षांनी, 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत नथुरामने गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल मात्र ब्राउनिंगचं नव्हतं, इटलीचं बेरेटा होतं. आतलं काडतूस आखूड 9 मिलिमीटर, म्हणजे इटालियन नावाचं तेच .380.

आपल्याकडे आज सामान्य माणसाला नेहमीच्या 9 मिलिमीटरचं लायसन्स मिळत नाही. मिळतं ते .32 बोरचं. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं अशनी पिस्तूल याच काडतुसाचं. आणि पेपरात 7.65 एमएमचं पिस्तूल आणि जिवंत काडतुसं जप्त अशी बातमी येते ना, त्या पंचनाम्यातला 7.65 हा आकडा 1899 मध्ये ऑग्डेनच्या ब्राउनिंगने घातलेला आहे.