मूठभर धान्याचे तारण

बँकेच्या नोकरीत माझी तीसेक वर्षे तारण पाहण्यात गेली. शेत किती, घर कुणाच्या नावावर, जामीनदार कोण, या तीन प्रश्नांपलीकडे आमची नजर सहसा जात नसे. एकदा एक शेतमजूर मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला आला. त्याच्याजवळ यांतले काहीच नव्हते. नियमावर बोट ठेवून मी त्याला परत पाठवले. तो पुन्हा फिरकला नाही. पुढे माझी बदली सातारा जिल्ह्यात झाली. तिथे कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र हाती आले आणि ते वाचताना तो माणूस सारखा डोळ्यांपुढे येत राहिला.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोज गावी. शाळेत त्यांचे लक्ष बेताचेच. मॅट्रिकची पायरीसुद्धा त्यांनी गाठली नाही. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले म्हणून त्यांना स्नान करून शुद्ध व्हायला सांगण्यात आले. त्यांनी ते साफ नाकारले आणि बोर्डिंग सुटले. शाहू महाराजांचे कार्य त्यांनी जवळून पाहिले होते. ते संस्कार जन्मभर पुरले.

पुढे पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे काम केले. विक्रीच्या निमित्ताने गावोगाव हिंडले. लोखंडी नांगर विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला अक्षरओळख नाही, हे त्यांना तिथेच दिसले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गंगाजळी कसली? घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा व्हायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर ही बिनव्याजी ठेव होती आणि ठेवीदार होते गावातले सर्वांत गरीब लोक.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. त्या काळात हे सोपे नव्हते. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि शाहू महाराजांचे नाव त्याला मिळाले. स्वयंपाकघराचा भार लक्ष्मीबाईंवर, भाऊरावांच्या पत्नीवर होता. कोठी रिकामी झाली की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना जाई. अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या गेल्या. आमच्याकडे सोने तारण ठेवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी मंगळसूत्र मोडणारी एकही पाहिली नाही.

भाऊरावांनी मुलांना फुकट काही दिले नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. फी नव्हती, पण घाम होता. मुले शेतात राबत, दगड फोडत, इमारती उभारत आणि शिकत. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे अध्यापन विद्यालय काढले. त्या शिक्षकांच्या बळावर खेडोपाडी शेकडो प्राथमिक शाळा उघडल्या. पुढे सरकारी यंत्रणा उभी राहिल्यावर या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोपवून ते मोकळे झाले. शाळा सार्वजनिक झाली, यातच त्यांना समाधान होते. १९४० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल निघाले, तर १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज.

खरी कसोटी लागली ती १९४८ नंतर. भाऊरावांच्या एका भाषणावरून सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. माणूस फटकळ, शब्द मागे घेणाऱ्यांतला नव्हे. एखादी संस्था एवढ्यावर कोलमडली असती. पण लोकांनी वर्गणी दिली, गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि कालांतराने अनुदान पुन्हा सुरू झाले. मधल्या दिवसांत शाळा तगल्या त्या जुन्या मूठभर धान्याच्या पुण्याईवर. १९५९ मध्ये सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

निवृत्तीनंतर मी हिंगोलीकडच्या माझ्या गावी परतलो. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. माझ्या वडिलांच्या पिढीला वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावे लागले आणि खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. भाऊरावांसारखे काम इथे उभे राहणे किती अवघड होते, हे यावरून कळावे. आज गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. वर्षाला सरकारी अनुदान येते, कधी एखाद्या कंपनीच्या निधीतून संगणक येतात, कधी नव्या उपक्रमासाठी एखादी संस्था पैसे देते. हे सारे यावे, जरूर यावे. पण आलेला संगणक बिघडला की तो कापडाखाली झाकून ठेवला जातो, कारण तो कुणाचाच नसतो.

गेल्या वर्षी गावकऱ्यांनी शाळेत वाचनालय करायचे ठरवले. हळद विकली गेली की ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे, असे ठरले. हिशेब माझ्याकडे आला. कुणी हजार दिले, कुणी शंभर. एक म्हातारी पदराच्या गाठीतून वीस रुपये काढून ठेवून गेली. पावती मात्र तिने आग्रहाने मागून घेतली. दर आठ-पंधरा दिवसांनी ती शाळेत डोकावते आणि पुस्तके आली का, पोरे वाचतात का, हे गुरुजींना विचारते. तिला तो हक्क वीस रुपयांनी दिला आहे.

भाऊरावांनी मूठभर धान्य का मागितले, हे मला तिच्याकडे पाहून कळले. त्या धान्याने पोटे भरलीच, पण ज्याने मूठ दिली त्याला शाळा आपली वाटू लागली. याहून भक्कम तारण मी उभ्या नोकरीत पाहिले नाही. त्या शेतमजुराकडेही बहुधा ते असणार. मी विचारलेच नव्हते.