भूमिहीनांचे दादासाहेब

कर्मवीर भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा समितीचे चिटणीसपद त्यांच्याकडे होते. बाबासाहेब अनेकदा मुंबईत वा विलायतेत असत. नाशिकचे मोर्चे, बहिष्कार आणि तुरुंगवाऱ्या दादासाहेबांनी निभावल्या. पाच वर्षांत मंदिराचे दार उघडले नाही. परंतु माणसे जमवणे आणि शिस्तीने अटक पत्करणे ही विद्या त्यांना तिथेच साधली.

ती आपल्या मराठवाड्याच्या कामी आली. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी गावकीची कामे नाकारली; भाकरीचा आधार तुटला, आणि हाताशी जमीन नव्हती. गायराने मात्र पडीक होती. 1959 साली दादासाहेबांनी मराठवाडा व खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. रिपब्लिकन पक्षातील काही सुशिक्षित नेत्यांना तो रुचला नाही. ही साम्यवाद्यांची वाट आहे, असा त्यांचा आक्षेप होता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तो पोकळ वाटतो. दादासाहेब तेव्हा स्वतः लोकसभेचे सभासद होते. एकट्याच्या भाषणाने सातबारा बदलत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

1961 साली महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. त्याचे सारे श्रेय या सत्याग्रहाला देता येणार नाही. मात्र भूमिहीनांचा प्रश्न आता सरकारला टाळता येत नव्हता.

पुढे 6 डिसेंबर 1964 पासून देशभर सत्याग्रह झाला. पडीक जमिनीचे वाटप, किमान वेतन, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा मागण्या होत्या. चळवळीच्या नोंदींनुसार 3 लाखांहून अधिक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. कडेवर लेकरू घेतलेल्या मायाही त्यांत होत्या. तुरुंग अपुरे पडले, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या सरकारला बोलणी करावी लागली.

मान्य होणे आणि पदरी पडणे यांत मात्र मोठे अंतर होते. संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा 1967 साली उभा राहिला. तैलचित्र आणि केंद्राच्या सवलती यांना 1990 साल उजाडले. दादासाहेबांचे निधन 29 डिसेंबर 1971 रोजी झाले. त्यांना ते पाहता आले नाही. जमिनीचे म्हणाल तर, काहींच्या नावे ती झाली. आपल्या जिल्ह्यातील कित्येक भूमिहीन कुटुंबे आजही दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात.