विश्लेषण : सहा बोटांच्या मांजरीला ‘पुरावा’ मानणारे विल्यम बेटसन कोण होते?

दोन तोंडांचे वासरू जन्मले किंवा पाच पायांचा नंदी दारात आला, की आपल्याकडे आजही दोन प्रकारे पाहिले जाते. कुणी कुंकू लावून हात जोडतो, कुणी अपशकुन समजून गोठ्याच्या मालकालाच बोल लावतो. लाल कंधारी गाय-बैलांवर संसार चालणाऱ्या परभणी जिल्ह्यातील घराला असा बोल महागात पडू शकतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने तिसरी वाट धरली : अशा प्रत्येक जनावराची नोंद करायची आणि त्यामागचा नियम शोधायचा.

बेटसन यांची सुरुवात कशी झाली?

विल्यम बेटसन यांचा जन्म ८ ऑगस्ट १८६१ रोजी इंग्लंडमधील व्हिटबी येथे झाला. वडील केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख होते, पण शाळेत मुलाने काही चमक दाखवली नाही. केंब्रिजमध्ये प्राणिशास्त्राची गोडी लागली. १८८६-८७ मध्ये ते मध्य आशियातील खाऱ्या सरोवरांवर गेले. पाण्याचा खारटपणा बदलला की प्राणीही त्या प्रमाणात बदलतात का, हे त्यांना पाहायचे होते. तसा सरळ संबंध दिसेना. मग बदल येतो कुठून, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

मांजरीची बोटे का मोजली?

त्या काळी बहुतेक अभ्यासक मानत, की सजीवांत बदल अगदी बारीक पायऱ्यांनी होतो. काही बदल एका उडीत होतात, असे बेटसन यांचे मत होते. पुराव्यासाठी त्यांनी संग्रहालये आणि जुने ग्रंथ धुंडाळले. १८९४ च्या त्यांच्या ग्रंथात अशा ८८६ नोंदी आहेत. मांजरीला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी १८ बोटे असतात. जादा बोटांच्या मांजरींची त्यांनी तपशीलवार नोंद केली. स्पर्शिकेच्या जागी पाय उगवलेला कीटकही त्यात आहे. एका अवयवाच्या जागी दुसरा येण्याला त्यांनी ‘होमिओसिस’ हे नाव दिले. ग्रंथाचे स्वागत मात्र थंड झाले.

मेंडेल त्यांच्या आयुष्यात कसे आले?

ग्रेगोर मेंडेल यांचे वाटाण्यावरील विस्मरणात गेलेले काम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. बेटसन यांना हवा असलेला नियम त्यात होता. एडिथ सॉन्डर्स यांच्यासह काही स्त्री संशोधकांच्या साथीने त्यांनी कोंबड्या आणि झाडांचे संकर केले. कोंबड्याचा तुराही मेंडेलच्या नियमाने पुढच्या पिढीत जातो, हे त्यांनी दाखवले. १९०२ मध्ये ते मेंडेलच्या बाजूने जाहीर वादात उतरले. याच सुमारास डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांना एक दुर्मीळ आजार जवळच्या नात्यात लग्न झालेल्यांच्या मुलांत जास्त आढळला. आई-बाप दोघांतही लपलेला दोष मुलात एकत्र येतो, हा अर्थ बेटसन यांनी लावला. १९०५ मध्ये त्यांनी या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव दिले. मराठीत आपण त्याला आनुवंशिकी म्हणतो.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९१० मध्ये ते जॉन इनेस संस्थेचे पहिले संचालक झाले. आनुवंशिक घटक गुणसूत्रांवर असतात, हे मात्र ते अनेक वर्षे मान्य करत नव्हते. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मॉर्गन यांची प्रयोगशाळा पाहिल्यावर त्यांचा विरोध बराच मावळला. घरात दुःख होते. एक मुलगा १९१८ मध्ये युद्धात गेला, दुसऱ्याने १९२२ मध्ये जीवन संपवले. मेंडेलच्या नावावरून नाव ठेवलेला धाकटा ग्रेगरी पुढे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ झाला. ८ फेब्रुवारी १९२६ रोजी बेटसन यांचे निधन झाले.

त्यांचा भारताशी संबंध काय?

बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी १९१० मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ सुरू केले. पुढे त्याचे संपादक झालेले जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, ते हे नियतकालिक सोबत घेऊनच. आज ते बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान अकादमीतर्फे निघते. काळ्या कातडीच्या ‘सिल्की’ कोंबडीवरील बेटसन-पनेट यांचा लेख १९११ मध्ये त्यातच आला. सिल्कीचा आणि आपल्याकडच्या कडकनाथचा काळा रंग गुणसूत्रातील एकाच फेरफारातून येतो, हे आता सिद्ध झाले आहे.

आजचे विज्ञान काय सांगते?

सगळी वैचित्र्ये वंशातून येत नाहीत. दोन तोंडांचे वासरू बहुधा गर्भ जुळ्यांत नीट विभागला न गेल्याने जन्मते. पाचवा पायही अनेकदा वाढ अर्धवट राहिलेल्या जुळ्याचा असतो. मांजरीचे जादा बोट मात्र आनुवंशिक असते. पायाची वाढ ठरवणाऱ्या जनुकाच्या नियंत्रक भागात त्याचे कारण २००८ मध्ये सापडले. आई किंवा बाप, एकाकडून तो बदल आला तरी पुरतो.

पशुपालकांनी काय लक्षात घ्यावे?

वासरू व्यंग घेऊन जन्मले तर त्याचा संबंध ग्रहणाशी किंवा मालकाच्या नशिबाशी नसतो. वळूची कालवड पुन्हा त्याच वळूकडून फळवली, तर लपलेले दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणून कोणती गाय कोणत्या वळूकडून फळवली, याची वही ठेवावी. व्यंग दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. तिथल्या डॉक्टरांना ही वही दाखवली, तर पुढच्या वेळी वळू बदलायचा की नाही हे ठरवता येते.