मदर जावुए यांचे उघडलेले दार

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. तिथल्या सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटमध्ये लेकीला प्रवेश मिळाला, तर घरात सण साजरा होतो. प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या एका परीक्षेवर मुलीचे पुढचे आयुष्य ठरते, असे तिथले आईबाप मानतात. ही मुलींची शाळा 1836 सालची. ती काढली क्लुनीच्या सेंट जोसेफ भगिनींनी, आणि हा भगिनीसंघ उभा केला आन-मारी जावुए या शेतकऱ्याच्या मुलीने.

1779 साली फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात त्यांचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत धर्मगुरूंच्या मागे शिपाई लागले, तेव्हा ही कोवळ्या वयाची पोर त्यांना लपवून ठेवी आणि गावातल्या मुलांना शिकवी. 1807 साली त्यांनी भगिनीसंघ स्थापला. त्या स्वतः सेनेगलला गेल्या. 1827 साली त्यांच्या भगिनी आपल्याकडे पाँडिचेरीलाही पोहोचल्या.

1828 साली त्या फ्रेंच गयानातल्या माना इथे उतरल्या. चोरट्या गुलामजहाजांवरून सोडवलेले सुमारे 500 आफ्रिकी पुढे फ्रेंच सरकारने त्यांच्या हवाली केले. त्यांना स्वतंत्र आयुष्यासाठी तयार करायचे, हे काम. मळेवाले खवळले. बिशपशी अधिकारावरून वाद झाला आणि या धर्मनिष्ठ बाईला दोनेक वर्षे कम्युनियनही नाकारले गेले. त्या डगमगल्या नाहीत. 1838 साली त्यांच्यापैकी 185 जण एकाच दिवशी मुक्त झाले.

त्याच वर्षी ब्रिटिशांच्या त्रिनिदादमध्येही गुलामीचा शेवटचा अवशेष संपला. कॉन्व्हेंट तेव्हा दोन वर्षांचे होते. पण तिथे शिकत होत्या त्या फी भरू शकणाऱ्या, प्रामुख्याने फ्रेंच बोलणाऱ्या घरांतल्या मुली. मुक्त झालेल्या मजुराच्या लेकीला ते दार दिसे, ओलांडता येत नसे. संस्थापिका गुलामांना जमीन कसायला शिकवत होती आणि तिच्याच संघाची शाळा मळेवाल्यांच्या फीवर उभी होती. ही विसंगती लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी सरकार मुलींच्या माध्यमिक शिक्षणाकडे फारसे पाहत नव्हते. फी घेतली नसती तर शाळाच टिकली नसती, हेही खरे.

1851 साली पॅरिसमध्ये जावुए यांचे निधन झाले. त्यानंतर कॅस्ट्रीज, सॅन फर्नांडो अशा गावांत कॉन्व्हेंटे निघाली. सामान्य घरातल्या मुलींना मात्र 1960-61 पर्यंत थांबावे लागले. तेव्हा एरिक विल्यम्स यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केले आणि चर्चशी करार केला. अनुदानित धार्मिक शाळांतल्या 80 टक्के जागा परीक्षेतल्या गुणांवर भरायच्या, 20 टक्के मुख्याध्यापकांनी. त्या वीस टक्क्यांवरून आजही वाद झडतात.

वेस्ट इंडिज विद्यापीठात आता मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. त्यामागे अशा मुलींच्या शाळांचा मोठा हात आहे. परंतु बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला खात्याची दुसरी बाजूही दिसते. शाळा उभी राहिल्यापासून गरिबाच्या मुलीसाठी दार खऱ्या अर्थाने उघडेपर्यंत सव्वाशे वर्षे गेली. मधल्या पिढ्यांतल्या ज्या मुली बाहेरच राहिल्या, त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.