जखम शोधण्याची वाट दाखवणारे कोखर

मोटारीचे स्टिअरिंग किंवा सायकलचे हँडल पोटावर जोरात आदळले, की जठरानंतरचा लहान आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम, कण्यावर दाबला जाऊन फाटू शकतो. जेमतेम २५ सेंटीमीटर लांबीचा हा भाग बराचसा उदरपोकळीच्या मागे, स्वादुपिंडाला बिलगून असतो. त्यामुळे जखम सहज लक्षात येत नाही. ती तपासायला शल्यविशारद आजही जी पद्धत वापरतात, तिला थिओडोर कोखर यांचे नाव आहे.

कोखर यांचा जन्म १८४१चा, स्वित्झर्लंडमधील बर्नचा. वयाच्या ३१व्या वर्षी ते तिथल्याच विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या परिसरात आयोडिनच्या कमतरतेमुळे गलगंडाचे रुग्ण खूप होते. निर्जंतुकता, काटेकोर रक्तस्राव-नियंत्रण आणि संथ, नेमका हात यांच्या बळावर त्यांनी या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण पुढे एक टक्क्याखाली आणले.

पण रुग्ण टाके काढून घरी गेला, म्हणजे बरा झाला का? १८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली होती. पुढे तिची वाढ खुंटली, बुद्धी मंदावली. जिनिव्हाचे शल्यविशारद जाक-लुई रेव्हर्दाँ यांनाही आपल्या रुग्णांत असेच बदल दिसले होते. कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या १८ जणांपैकी १६ जणांची प्रकृती ढासळलेली होती. १८८३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष स्वतःच जाहीर केले आणि पुढे ग्रंथीचा काही भाग राखण्याचा आग्रह धरला. थायरॉइडचे शरीरातील काम यातूनच उलगडत गेले. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद.

बंदुकीच्या गोळीने ऊती कशा फाटतात, याचेही त्यांनी प्रयोग केले. १९०३ मध्ये त्यांनी ड्युओडेनम मोकळे करण्याची पद्धत मांडली. त्याच्या उजव्या कडेचे पातळ आवरण कापून ड्युओडेनम आणि स्वादुपिंडाचे डोके डावीकडे उचलायचे. मूळ हेतू जठराच्या शस्त्रक्रियेचा होता. मात्र मागची बाजू दिसू लागल्याने अपघातग्रस्तांसाठीही ती मोलाची ठरली.

आज या जखमांच्या पाच श्रेणी मानतात. भिंतीतला रक्ताचा गोळा किंवा वरवरची चीर ही पहिली, तर स्वादुपिंडासह सारा भाग उद्ध्वस्त होणे किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटणे ही पाचवी. बहुतेक जखमा साध्या टाक्यांनी सांधता येतात. वरच्या श्रेणीत टाके सुटून पाचकरस गळण्याचा, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. निदानाला २४ तासांहून अधिक उशीर झाला, तर जिवावरचे संकट आणखी गडद होते. म्हणूनच पोटाला जबर मार बसल्यावर बाहेर खरचटलेही नसले, तरी दुखणे वाढत असेल किंवा उलट्या होत असतील, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

कोखर १९१७ मध्ये बर्नमध्येच निवर्तले. शस्त्रक्रियेचे यश टेबलावर नव्हे, तर काही वर्षांनी रुग्णाकडे पाहून मोजायचे, हा त्यांचा धडा मात्र टिकून आहे.