दीड डॉलरची शाळा : मेरी मॅकलिऑड बेथ्यून

वाचता येत नाही म्हणून जिला हातातले पुस्तक खाली ठेवायला लावले, तिनेच पुढे मुलींची शाळा काढली. आपल्या वस्त्यांत ही गोष्ट कुणाला परकी वाटणार नाही. आम्ही सांगतो आहोत ती मात्र अमेरिकेतील मेरी मॅकलिऑड बेथ्यून यांची.

जन्म १० जुलै १८७५, दक्षिण कॅरोलिना. सतरा भावंडांतली पंधरावी. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. आई ज्या गोऱ्यांचे कपडे धुवायची, त्यांच्याच घरी तो पुस्तकाचा अपमान झाला. गावाजवळ काळ्या मुलांसाठी मिशनची शाळा निघाली तेव्हा घरातून एकालाच पाठवणे शक्य होते. मेरी गेली. रोज काही मैल पायपीट, आणि संध्याकाळी शिकलेले सारे घरच्यांना शिकवायचे. पुढचे शिक्षण डेन्व्हरच्या शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर झाले. मिशनरी होऊन आफ्रिकेत जायचे होते. काळ्यांसाठी जागा नाही असे उत्तर मिळाले.

मग ३ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्लोरिडातील डेटोना येथे भाड्याच्या घरात शाळा उघडली. जवळ दीड डॉलर, समोर पाच मुली आणि स्वतःचा लहान मुलगा. बाके खोक्यांची, पेन्सिली जळक्या लाकडाच्या, शाई रानफळांच्या रसाची. रताळ्याचे गोड पदार्थ विकून पैसे उभे केले, श्रीमंत गोऱ्यांची दारे ठोठावली.

शाळेत स्वयंपाक आणि शिवणही शिकवले जाई. मुलींना हेच का, असा आक्षेप घेता येतो आणि तो चुकीचा नाही. पण देणगीदारांना हेच शिक्षण पसंत होते, आणि बाईंनी त्याच पैशावर वाचन-लेखनाचे वर्ग चालवले, हेही आम्ही विसरू नये.

शाळेतली एक मुलगी अपेंडिक्सच्या दुखण्याने बेजार झाली. गोऱ्यांच्या दवाखान्यात तिला मागच्या ओसरीवर ठेवले गेले. बाईंनी १९११ मध्ये स्वतःचे रुग्णालयच काढले. १९२० मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर मतदार नोंदणीसाठी रात्रीचे वर्ग घेतले. क्लॅनचे लोक धमकवायला शाळेच्या आवारात आले. बाई हटल्या नाहीत. मतदानाला आपल्या लोकांना घेऊन गेल्या.

१९२३ मध्ये ही शाळा आणि कुकमन संस्था एकत्र झाल्या; आज तिथे विद्यापीठ आहे. १९३६ पासून त्या सरकारच्या युवक प्रशासनात काळ्या तरुणांचा विभाग सांभाळत होत्या.

शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला. वर्षभराने, १८ मे १९५५ रोजी, त्या गेल्या. त्यांना डेटोनातल्या त्याच आवारात पुरले आहे.