विजेची छोटी आगगाडी करणारा लोहार

थॉमस डेव्हनपोर्ट यांचा जन्म ९ जुलै १८०२ रोजी अमेरिकेतील व्हरमॉन्ट राज्यात विल्यमस्टाउन या गावी झाला. घरची परिस्थिती गरिबीची होती. भावंडे बारा. ते दहा वर्षांचे असताना वडील वारले. म्हणजे ते आमच्या चौथीच्या वर्गातल्या मुलांएवढेच होते. चौदाव्या वर्षी त्यांना एका लोहाराच्या हाताखाली कामाला ठेवले. तिथे त्यांनी सात वर्षे काम केले. शाळा फारशी झाली नाही, पण वाचनाची आवड होती.

पुढे १८२३ साली ब्रँडन या गावाजवळ त्यांनी स्वतःचा भाता टाकला. १८२७ साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव एमिली. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे तिचे काम आहे.

१८३३ साली डेव्हनपोर्ट यांच्या कानावर आले की, लांबच्या एका लोखंडाच्या कारखान्यात विजेवर चालणारा लोहचुंबक आणला आहे. तो लोहाराची ऐरण उचलतो असे लोक सांगत. ऐरण किती जड असते ते आपल्या गावात सगळ्यांना माहीत आहे. ते बघायला गेले. बघितल्यावर त्यांना तो लोहचुंबक पाहिजेच असे झाले. जवळ पैसे नव्हते. मग भावाचे विकायचे सामान लिलावात काढले, भावाचा चांगला घोडा देऊन हलका घोडा घेतला आणि वर पैसे घेतले, असे सांगतात. भाऊ काय म्हणाला असेल कोण जाणे!

लोहचुंबक घरी आणल्यावर त्यांनी काय केले, तर तो सोडायलाच बसले. तार कशी गुंडाळली आहे ते बघत एकेक वेढा सोडायचा, आणि एमिलीने ते वहीत लिहून घ्यायचे. मग त्यांनी स्वतः भट्टीत लोखंड तापवून घोड्याच्या नालासारखा तुकडा वळवला आणि त्यावर तार गुंडाळायला घेतली.

पण इथे एक अडचण होती. तार उघडी असली तर एका वेढ्यातली वीज शेजारच्या वेढ्यात जाते. तिथून ती लोखंडात जाते. मग लोहचुंबक होतच नाही. तारेला वरून काहीतरी गुंडाळायला पाहिजे. तेव्हा एमिलीने आपला लग्नाचा रेशमी पोशाख काढला आणि त्याच्या बारीक पट्ट्या कापून दिल्या, अशी गोष्ट सांगतात. रेशमातून वीज जात नाही. माझ्या आईने तिचा शालू पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलाय, आम्हाला हातसुद्धा लावू देत नाही. म्हणून मला एमिलीचे लई मोठे काम वाटते.

आपल्या खेड तालुक्यात विहिरीवरची मोटार जळली की आपण ती वाइंडिंगच्या दुकानात नेतो. दुकानदार जळलेली तार काढून नवीन भरतो. ती तार तांब्याची उघडी दिसते, पण उघडी नसते. तिच्यावर वार्निशासारखा पातळ थर असतो. तो थर म्हंजे एमिलीचे रेशीमच समजा. थर जळाला की मोटार गेली.

आता मोटार फिरते कशी ते सांगतो. डेव्हनपोर्ट यांनी चाकावर लोहचुंबक बसवले आणि बाजूला दुसरे पक्के बसवले. वीज सोडली की चाक ओढले जाते. पण जवळ आले की तिथेच चिकटून थांबते. फिरत नाही. यावर उपाय असा की, चाक जवळ आले की वीज उलटी करायची. मग ओढणारा लोहचुंबक ढकलायला लागतो. पण इतक्या लवकर हाताने कोण उलटे करणार? म्हणून चाकाच्या आसावरच धातूचे तुकडे बसवले आणि त्यांना तारा टेकवल्या. चाक फिरले की तार एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाते आणि वीज आपोआप उलटते. याला कॉम्युटेटर म्हणतात. घरातल्या मिक्सरच्या मोटारीत आजही तो असतो, त्यावर कार्बन घासतात. १८३४ साली त्यांची मोटार फिरली. १८३५ साली त्यांनी लहानसा गोल रूळ केला आणि त्यावर विजेचे छोटे इंजिन पळवून लोकांना दाखवले.

अशा छोट्या गाड्या आपल्या पुण्यातही आहेत. कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. भाऊसाहेब जोशी यांनी ते उभे केले. तिथे गाड्या पळतात आणि सिग्नल लाल-हिरवे होतात. छोट्या गाडीला सेल लागत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत एक रूळ अधिक आणि दुसरा रूळ उणे असतो. वीज एका रुळातून चाकात, चाकातून मोटारीत आणि दुसऱ्या रुळातून परत. तारा उलट जोडल्या की गाडी मागे जाते. एकाच रुळावर दोन गाड्या असतील तर रुळात मध्ये बारीक फट ठेवतात, म्हणजे रुळाचे वेगवेगळे भाग होतात. ज्या भागाची वीज बंद केली त्या भागातली गाडी थांबते, दुसरी चालू राहते. सगळी करामत खालच्या तारांची असते, ती आपल्याला दिसत नाही.

डेव्हनपोर्ट यांना आपल्या शोधाची सरकारी नोंद करायची होती. पहिल्यांदा ते वॉशिंग्टनला निघाले तर वाटेतच पैसे संपले. मग दुसऱ्यांदा नमुना पाठवला, तर डिसेंबर १८३६ मध्ये त्या कचेरीला आग लागली आणि नमुना जळाला. त्यांनी पुन्हा नवीन केला. २५ फेब्रुवारी १८३७ रोजी त्यांना पेटंट मिळाले. त्याचा नंबर १३२ आहे. त्यावर एमिलीचे नाव नाही. मला वाटते पाहिजे होते.

त्यानंतर ते न्यूयॉर्कला गेले. १८४० साली आपल्याच मोटारीवर छापखाना चालवून त्यांनी वर्तमानपत्र काढले. पण धंदा चालला नाही. त्याचे कारण बॅटरी. तेव्हा विजेचे कारखाने नव्हते, तारेतून घरी वीज येत नव्हती. बॅटरीत जस्ताचे पत्रे आम्लात बुडवत, ते पत्रे झिजून जात. जस्त महाग आणि कोळसा स्वस्त. मग वाफेचे इंजिन सोडून मोटार कोण घेणार? मोटार चांगली होती, पण तिला खायला घालणे परवडत नव्हते. कंपनी बुडाली आणि ते गावी परत आले. शेवटी ते विजेवर वाजणाऱ्या पियानोचे काम करीत होते. ६ जुलै १८५१ रोजी ते वारले. एकोणपन्नासावा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

नंतर डायनामोवर स्वस्त वीज तयार होऊ लागली. १८७९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात सीमेन्स यांनी विजेची गाडी चालवली, तिच्यात माणसे बसली. आपल्या देशात पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. नंतर घाटातून पुण्यापर्यंत तारा आल्या. आज आपण चिंचवडला लोकलमध्ये बसतो तेव्हा वरच्या तारेतून वीज येते आणि रुळातून परत जाते. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, ती विजेच्या इंजिनावर. तेव्हा डेव्हनपोर्ट यांना जाऊन जवळजवळ ७९ वर्षे झाली होती.

– इयत्ता ४ थी